पस्तिसावा प्रश्न

सोमवार, ३

सतरा नंबरचा गठ्ठा उघडला. उघडायचा नव्हता.

शाळकरी मुलांच्या आरोग्याच्या पाहणीसाठी शाळा चिठ्ठ्या टाकून निवडल्या. त्यात लेकीची शाळा निघाली तेव्हा मी स्वतःहून आमच्या प्रमुख डॉक्टरबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तिच्या तुकडीच्या फॉर्मना तू हात लावायचा नाहीस. ते काका बघतील." काका म्हणजे आमच्याकडे संगणकात आकडे भरणारे. मी मान डोलावली. नियम मला ठाऊक होता. तो लिहिताना मी शेजारी बसले होते.

आज काका रजेवर. खोक्यांच्या खोलीत कुणी नाही. मी फक्त मोजणार होते. अडतीस आहेत का, एवढंच.

फॉर्मवर नाव नसतं. मुलं स्वतःचा एक आकडा बनवतात: आईच्या जन्माचा महिना, घरातल्या मोठ्या माणसाच्या फोनचे शेवटचे दोन अंक, मोठी भावंडं किती. वर्षभरानं तीच मुलं पुन्हा फॉर्म भरतील, तेव्हा दोन्ही फॉर्म जुळवता यावेत म्हणून. शिक्षकांना ओळखू येऊ नये म्हणून या तीनच गोष्टी. ही युक्ती माझी. बैठकीत टाळ्या पडल्या होत्या.

तेविसावा फॉर्म. अकरा, सत्तेचाळीस, शून्य.

मी नोव्हेंबरची. माझ्या फोनच्या शेवटी सत्तेचाळीस. लेक एकुलती एक.

पस्तिसावा प्रश्न: गेल्या बारा महिन्यांत जगणं संपवावं असा विचार मनात आला का? हो. छत्तिसावा: तसं काही करायचं ठरवलं होतं का? हो. सदतिसावा: कुणाला सांगितलं का? नाही.

अक्षर कुठेच नाही, नुसत्या खुणा. 'हो'वरची खूण इतकी दाबून केलेली की मागच्या पानावर बोट फिरवलं तर लागते. शेवटच्या पानावर 'आणखी काही सांगायचं आहे का' असा चौकोन असतो. तो कोरा.

फॉर्म भरून पाच आठवडे झाले. पाच आठवडे तो या खोलीत, टेपनं बंद केलेल्या खोक्यात होता.

मी तो पिशवीत घातला. उरलेले पंधरा न मोजताच दोरी बांधली.

मंगळवार, ४

सकाळी लेक समोर बसून जेवावं तशी न्याहारी करून गेली. फॉर्ममध्ये मात्र लिहिलंय, उपाशी शाळेत जाते, बहुतेक दिवस. म्हणजे माझ्यासमोर खाते आणि नंतर काहीतरी करते. असं करणाऱ्या मुली असतात. मी त्यांच्यावर एक प्रकरण लिहिलं आहे.

डबा रिकामा आला. म्हणाली, "आई, उद्यापासून जास्त दे ना. डबल."

"एवढं खाणार कोण?"

"मीच. वाढीचं वय आहे, तूच म्हणतेस."

टाकत असणार.

तिच्यामागून नेहमीप्रमाणे शेपूट आली. शेपूट हे नाव नवऱ्यानं ठेवलंय. लेक जिथे तिथे ही दोन पावलं मागे. एकाच बाकावर बसतात. तिला आई नाही, वडील बाहेरगावी कामाला, घरी वडिलांची म्हातारी आत्या. अंगात पूर्ण बाह्यांचा स्वेटर, या उकाड्यात. "काकू, भांडी विसळू?" म्हणाली. नको म्हटलं तरी विसळली. बाह्या वर न करता. ओल्या बाह्यांनीच घरी गेली.

गुरुवार, ६

औषधांचा डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली गळ्यातल्या साखळीत. नवरा म्हणाला, "डोकं दुखलं तर अर्ज करायचा का तुझ्याकडे?"

त्याला सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो सरळ तिच्यापुढे जाऊन उभा राहील. आणि गठ्ठा उघडल्याचं डॉक्टरबाईंना कळेल. हे दुसरं कारण मी आधी लिहायला हवं होतं.

लेक न्हाणीघरात दार लावून फोनवर बोलते. नळ सोडून. मी दाराशी उभी राहिले. एवढंच ऐकू आलं: "जेवलीस का? खरं सांग. नाही, शपथ घे." मग बराच वेळ नुसतं पाणी.

स्वतःलाच विचारत असेल का? असं होतं का? पुस्तकात तर कुठे वाचलं नाही.

शनिवार, ८

तिचं दप्तर तपासलं. पुढच्या कप्प्यात आमचंच कार्ड. पाहणीतल्या प्रत्येक मुलाला देतो ते: 'मन जड झालंय? आमच्याशी बोला.' खाली फोन नंबर. कार्डाच्या मागे तिच्या अक्षरात लिहिलेलं: 'रविवार, लागला नाही. मंगळवार ६ वाजता, लागला नाही. शनिवार, लागला नाही.'

तीनदा.

मी तिथेच जमिनीवर बसले. मग तो नंबर लावला. ध्वनिमुद्रित बाई बोलली: सेवा सोमवार ते शुक्रवार, सकाळी अकरा ते दुपारी चार. मुलं त्या वेळात शाळेत असतात आणि शाळेत फोन आणायला बंदी आहे. कार्डाचं मुद्रितशोधन मी केलं होतं. 'जडं' वरचा अनुस्वार काढला होता. वेळा बघितल्या नाहीत.

रविवार, ९

जेवताना लेकीनं एकदम विचारलं, "आई, तुमच्या ऑफिसात ते फॉर्म वाचतं का कुणी?"

म्हटलं, "वाचत नाहीत ग. मोजतात."

"मोजतात म्हणजे?"

"किती जणांनी काय म्हटलं, त्याची टक्केवारी निघते. मग अहवाल होतो."

"कधी?"

"पुढच्या वर्षी."

ती ताटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग लिहून काय उपयोग?"

हाच तो क्षण होता. दार तिनं उघडलं होतं. मी म्हटलं, "कोशिंबीर घे अजून."

मंगळवार, ११

आज मी आठ नव्या मुलींना प्रशिक्षण दिलं. पुढच्या महिन्यात त्या शाळाशाळांतून फिरतील. एकीनं हात वर केला. "मॅडम, असलं विचारलं तर ज्याच्या मनात नाही त्याच्या मनात भरणार नाही का?" दर वेळी कुणीतरी हे विचारतं. मी दर वेळचं उत्तर दिलं: नाही. विचारल्यानं विचार मनात शिरत नाही. उलट ज्याच्या मनात आहे त्याला सुटल्यासारखं होतं. आडवळणानं विचारायचं नाही, सरळ शब्दांत विचारायचं, आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहायचं. मुलींनी वहीत लिहून घेतलं.

घरी आले. लेक खिडकीशी उभी होती. मी म्हटलं, "काय बघतेस?" ती म्हणाली, "काही नाही." मी खिडकी लावून घेतली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो.

बुधवार, १२

नवऱ्याला सांगितलं. फॉर्म दाखवला. तो लिफ्ट दुरुस्त करतो. कुठलाही कागद नकाशासारखा हातभर लांब धरून वाचतो. वाचला. घडी करून परत दिला. हात खिशात घातले.

"तिला विचारलंस?"

"नाही."

"नऊ दिवस?"

"कसं विचारू?"

"मला काय विचारतेस? अकरा वर्षं गावाला शिकवतेस कसं विचारायचं. लोका सांगे ब्रह्मज्ञान!" मग आवाज उतरला. "मी विचारू? मला नाही जमणार. माझ्याकडे माणूस अडकला की घंटा दाबतो. मला कळतं कुठल्या मजल्यावर आहे."

ठरलं की कुणी तिला एकटं सोडायचं नाही. सकाळी तो पोचवेल, संध्याकाळी मी आणेन. विचारायचं कधी, ते ठरलं नाही.

तो एक म्हणाला ते डोक्यात राहिलं. "हे सगळं शेपूट घरात यायला लागल्यापासून झालंय. आधी ही हसायची."

खरं आहे. ती मुलगी आली की दोघी खोलीत दार लोटून बसतात. बाहेर येतात तेव्हा लेकीचे डोळे लाल. शेपटीचे नाहीत.

शुक्रवार, १४

शेपूट संध्याकाळी दारात. हातात माझं पुस्तक, दोन वर्षांपूर्वी नेलेलं. "काकू, वाचून झालं नाही, पण म्हटलं देऊन टाकावं." लेकीसाठी आपला रंगांचा डबा. चोवीस रंगांचा, कुणाला हात लावू देत नाही तो. मला बरंच वाटलं. वस्तू परत करायची अक्कल आली म्हटलं.

लेक आंघोळीला गेली होती. मी दारातच म्हटलं, "हे बघ, थोडे दिवस येऊ नकोस. तिला अभ्यास आहे. आणि तिचं मन ठीक नाही सध्या. तुम्ही दोघी बोलत बसता, त्यानं आणखी बिघडतं."

ती म्हणाली, "बरं, काकू."

वाद नाही, रुसवा नाही. दोन पायऱ्या उतरून वळली. "काकू, तुमचा नंबर तोच आहे ना?"

"तोच आहे. का?"

"काही नाही. असंच."

मला त्या 'असंच'चा राग आला. या मुलींचं सगळंच असंच.

दुपारी काका आले होते ते लिहायचं राहिलं. "ताई, सतरा नंबरात एक फॉर्म कमी आहे. सदतीसच भरतात." म्हटलं, शाळेनं चुकीचं मोजलं असेल. "शाळेनं नाही मोजले. आपल्या पोरींनी मोजले, दोनदा. सह्या आहेत." चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "सापडेल. कागदाला पाय नसतात. हात असतात." गेले.

त्यांनी ओळखलंय का?

रविवार, १६

घरात युद्ध. शेपटीला काय बोलले ते लेकीला आज कळलं. एवढी ओरडताना तिला कधी ऐकलं नव्हतं. "तू तिला येऊ नको म्हणालीस? तू? ती कुठे जाणार मग?"

"तिच्या घरी जाईल. घर आहे तिला."

"तुला काही कळत नाही, आई! काहीच कळत नाही! ती फोन उचलत नाहीये कालपासून!"

"रुसली असेल."

"ती रुसत नाही!" मग रडायला लागली, आणि रडता रडता म्हणाली, "मी शपथ घेतलीय. मला सांगता येत नाही."

नवरा मध्ये पडला. "कसली शपथ?" ती खोलीत गेली. कडी लावली. आम्ही दोघं कडीकडे बघत बसलो. मग नवऱ्यानं पेचकस आणला आणि कडीचे स्क्रू बाहेरून काढले. दार उघडलं तेव्हा ती पलंगावर फोन हातात धरून बसली होती. एकच नंबर पुन्हा पुन्हा लावत होती.

तिला शेपटीच्या घरी जायचं होतं. आम्ही एकटीला जाऊ दिलं नाही. बरोबरही गेलो नाही. तिच्या डोक्यात काय आहे कोण जाणे, तिला घराबाहेर काढायचीच भीती वाटत होती.

सोमवार, १७, दुपार

फाटकाशी उभी राहून लिहिते आहे. रिक्षा येईपर्यंत.

अकरा वाजता काका फॉर्म घेऊन आले. "ताई, शेवटच्या चौकोनात मुलं लिहितात ते मी जसंच्या तसं टाकतो, विचार करत नाही. पण हे तुम्ही वाचा." सतरा नंबरातलाच. तेविसाव्याच्या खालचा असणार, उरलेल्या पंधरांतला.

वर आकडा: अकरा, सत्तेचाळीस, शून्य.

आत पस्तीसला 'नाही'. छत्तीस, सदतीस कोरे, कारण 'नाही' म्हटलं की ते सोडायचे असतात. सकाळी उपाशी: कधीच नाही. आणि शेवटच्या पानावर लेकीचं अक्षर. मी ते पहिल्या इयत्तेपासून ओळखते.

'हे माझ्याबद्दल नाही. माझ्या मैत्रिणीला जगायचं नाही. तिनं मला शपथ घातली आहे पण तुम्हाला नाव माहीत नाही म्हणून इथे लिहिते. ती जेवत नाही. मी तिला डबा देते. काय करायचं ते कोण सांगेल? कार्डावरचा फोन लागत नाही. प्लीज कुणीतरी वर्गात येऊन सगळ्यांना सांगा, म्हणजे तिलाही कळेल.'

फोन लागत नाही, हे तिनं फॉर्म भरता भरता लिहिलं. कार्ड त्यांना आठवडाभर आधी, परवानगीच्या पत्राबरोबर दिलं होतं. म्हणजे सात आठवड्यांहून जास्त ती एकटी.

माझ्या पिशवीतला दुसरा मी काढला. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवले. एका गठ्ठ्यात एकच आकडा दोनदा आला की संगणक घंटी वाजवतो. मी एक उचलून नेला होता. घंटी वाजलीच नाही.

काकांनी दोन्ही बघितले. दार लावून घेतलं.

डॉक्टरबाईंकडे गेले. उभ्यानंच सगळं सांगितलं. मला वाटलं आरडाओरडा करतील. त्या पायात चपला घालत म्हणाल्या, "ती मुलगी कुठे आहे आत्ता?" शाळेत फोन केला. शुक्रवारनंतर आलेलीच नाही.

"तू पुढे हो. मी दवाखान्यात सांगून मागोमाग येते. बाकीचं नंतर बघू. नंतर बघणार आहे मी, लक्षात ठेव."

रिक्षा आली.

सोमवार, १७, रात्र

दुपारनंतर घडलं तसं लिहिते.

दार आत्येआजीनं उघडलं. तिला ऐकू कमी येतं. म्हणाली, "पोरगी झोपलीय. दोन दिवस झोपूनच आहे. वाढीचं वय." मी तिच्या कडेनं आत घुसले. चप्पल घालूनच.

ती झोपली नव्हती. भिंतीकडे तोंड करून पडली होती. खोली आवरलेली. भलतीच आवरलेली. टेबलावर एकही वस्तू नाही.

"काकू?"

मी पलंगाच्या कडेवर बसले. रिक्षात वाक्य जुळवून ठेवलं होतं, ते सापडेना. "जेवलीस का?" एवढंच आलं. ती "हो" म्हणाली. खोटं. मग मी विचारलं. शब्द फॉर्मातलेच आले, मला दुसरे येत नाहीत. "जगणं संपवावं असं तुझ्या मनात येतं का?"

तिनं वळून बघितलं. स्वेटरची बाही मुठीत धरलेली. बाहेर आत्येआजीनं कुकर लावला होता, त्याच्या दोन शिट्ट्या झाल्या. मी काही बोलले नाही.

"हो."

"आत्ता?"

"काल जास्त होतं. आज कंटाळा आलाय फक्त."

"काही ठरवलंयस?"

तिनं उशीकडे बघितलं. मी उशीखाली हात घातला आणि जे होतं ते माझ्या पिशवीत टाकलं. तिनं अडवलं नाही.

"काकू, रागावलात?"

"नाही."

"फॉर्मवर मी तुमचा नंबर लिहिला, आजीकडे फोन नाही म्हणून. आईचा महिना मला माहीत नाही. फॉर्म वाटणाऱ्या ताई म्हणाल्या, रकाना रिकामा ठेवायचा नाही. मग तुमचा महिना लिहिला. तिच्याबरोबर केक खाल्ला होता तुमच्या वाढदिवसाला, म्हणून माहीत होता. चाललं ना?"

'रकाना रिकामा ठेवायचा नाही' हे सूचनेचं चौथं वाक्य. माझंच. प्रत्येकाला आई असते असं धरून बनवलेलं.

मी "चाललं" म्हटलं. तिला जवळ घेतलं. तिच्या अंगात काहीच वजन नव्हतं. मला रडू आलं नाही. भीतीच एवढी होती की दुसऱ्या कशाला जागा नव्हती. अजून आहे. शुक्रवारी मी तिला दारातून परत पाठवलं. शनिवार, रविवार ती या भिंतीकडे तोंड करून होती. त्या दोन दिवसांत काहीही होऊ शकलं असतं आणि ते मी केलेलं असतं.

डॉक्टरबाई आल्या. आम्ही तिला दवाखान्यात नेलं. मनोविकारांच्या डॉक्टर आत तिच्याशी तासभर बोलल्या. तिला दाखल करून घेतलं. निदान आठवडाभर, म्हणाल्या. वडील रात्रीच्या गाडीनं निघाले. फोनवर सारखं एकच विचारत होते, "पण ती तर ठीक होती ना? बोलत होती ना?"

लेकीला नवरा शाळेतून थेट तिथेच घेऊन आला. ती आत जाऊन मैत्रिणीला बघून आली. मग बाकावर माझ्यापासून एक जागा सोडून बसली.

"तू तिला सांगितलंस मी लिहिलं ते?"

"नाही."

"सांग. नाहीतर मी सांगते. मला तिच्याशी खोटं नाही बोलायचं." मग तिनं विचारलं, "तुला वाटत होतं ते मी आहे?"

"हो."

"म्हणून कडी काढलीत?"

"हो."

"आणि विचारलं नाहीत."

नवरा उठून पाण्याच्या नळाकडे गेला. त्याला तहान लागली नव्हती.

मी मधली जागा ओलांडून तिच्याजवळ सरकले. तिचा फॉर्म मी वाचला होता. पस्तीसला 'नाही' होतं. पण तो सात आठवड्यांपूर्वीचा. तेव्हापासून ही मुलगी दुसरीचा जीव ओंजळीत धरून रोज शाळेत जात होती, आणि मी डबा मोजत होते.

विचारलं. सरळ, तेच शब्द.

तिनं लगेच नाही म्हटलं नाही. मला वाटत होतं लगेच म्हणेल. पायातला बूट जमिनीवर घासत राहिली.

"आज नको ना, आई," म्हणाली. "आज मी दमलेय. उद्या विचार."

"बरं."

"पण विचार."

मंगळवार, १८

सकाळचे सहा वाजलेत. काकांना निरोप दिलाय की येणार नाही. डॉक्टरबाईंनी लेखी खुलासा मागितलाय, तो संध्याकाळी लिहीन. कार्डाच्या वेळा बदलायचं त्यांनी कबूल केलं; तोवर चारनंतर फोन कोण घेणार, त्याची पाळी लावायची आहे. माझं नाव पहिलं घातलंय. नोकरी राहिली तर.

लेकीच्या दाराला अजून कडी नाही. नवऱ्यानं रात्री बसवतो म्हटलं, ती म्हणाली, राहू दे दोन दिवस.

आत पलंग करकरला. उठली. मी अजून पहिला शब्द ठरवलेला नाही. जाते.